पाण्याला शीग येत नाही

"तुमचं लिटर सपाट आहे न, भाऊ," असं म्हणत काकू पितळी पायली तांदळाने भरायच्या आणि काठाच्या वर टेकडीसारखी शीग रचायच्या. एक दाणा खाली पडत नसे. खरं सांगतो तुम्हाला, मी आजवर कोणाच्या गाडीबंगल्यावर जळलो नाही. त्या टेकडीवर जळलो.

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत त्या समोरच राहायच्या. माझी हयात कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजपात्रं सांभाळण्यात गेलेली. तरी एका पायलीचे लिटर किती, एका शेराचे कप किती, हे विचारायला अख्खी गल्ली त्यांच्या दारात. माझी बायकोसुद्धा. मी दशांशात बोलतो, अशी तिची तक्रार.

शेवटी एका दुपारी मी काकूंची पायली मागून आणली आणि मोजपात्राने तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. तीन लिटर सातशे मिलिलिटर. लगेच तक्ता छापला, खाली झोकदार सही ठोकली आणि घरोघर वाटला.

गल्लीच्या महाप्रसादाला काकूंनी वीस पायली तांदूळ सांगितला. मी गुणाकार केला आणि लिटरच्या मापाने स्वतः मोजून दिला. शेवटची पंगत बसली आणि भात संपला. रिकाम्या पातेल्यात वाकून मी काय शोधत होतो, देव जाणे. तेवढ्यात काकू घरून भाताने भरलेलं मोठं पातेलं, त्यांचा गंज, घेऊन आल्या. मला मोजताना पाहूनच त्यांनी जास्तीचा शिजवून ठेवला होता. वाढणं झाल्यावर माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"पाण्याले कुठं शीग येते गा, भाऊ?"

गल्लीत मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत. ते तर जास्तच झोंबलं.

मग काका आजारी पडले. एका सकाळी काकू औषधाची बाटली घेऊन माझ्या फाटकाशी उभ्या.

"डॉक्टरनं साडेसात मिली सांगितलं. मले माझ्या हाताचा भरोसा नाही वाटून राहिला. तुम्ही मोजून द्या."

या वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती! पण एवढीशी बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि मला साधं हसूसुद्धा आलं नाही. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मी सगळ्यात लहान मोजपात्र घेऊन समोर जात राहिलो. काका उठून बसले.

गेल्या वर्षी दोघं मुलाकडे सावनेरला राहायला गेले. आता गल्लीतल्या बायका माझ्याकडे येतात. मी शिगेसकट हिशोब सांगतो. त्या मान डोलावतात, लिहून घेतात आणि माझ्याच ओट्यावर बसून सावनेरला फोन लावतात.

"काकू, हे भाऊ बरोबर सांगून राहिले का वं?"

मी तणतणत आत जातो. दार मात्र उघडं ठेवतो.