लेकीच्या पट्ट्यावरचे चार टाके

माझं दुकान लाखनीला हायवेला लागून आहे. ट्रकच्या सीटा, ताडपत्र्या, माल बांधायचे पट्टे, असं सगळं जाड आणि राकट काम. दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं, आणि त्यांनीच त्याला एक रीत लावून दिली. छताच्या लोखंडी पाइपाला एक आकडा आहे. पट्टा शिवून झाला की तो आकड्यात अडकवायचा, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून त्याला लोंबकळायचं. खाली उतरल्यावर स्वतःच्या तोंडाने "पक्कं" म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय माल दुकानाबाहेर जात नाही. ड्रायव्हर हसतात, ढेरी सांभाळत लोंबकळतात, पण म्हणतात. मला त्या शब्दाची चटक लागलेली आहे हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या चटकेमुळेच घडलं.

माझी लेक नागपूरला नोकरी करते आणि सुट्टी काढून विमानातून उड्या मारते. हे वाक्य आता मी सरळ लिहू शकतो. सुरुवातीला मला ते बोलताही येत नव्हतं. कोणी विचारलं की "खेळते काहीतरी" म्हणायचो आणि मशीन सुरू करायचो. तिच्या आईने महिनाभर अबोला धरला होता. जाऊ दे म्हणणारा घरात मी एकटाच. आता मी का हो म्हटलं, हे मला कोणी विचारू नये. ती लहानपणी त्या आकड्याला तासन्‌तास लोंबकळायची, तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

मागच्या हिवाळ्यात ती एक मोठी पिशवी घेऊन घरी आली. तिने स्वतःचं पॅराशूट घेतलं होतं, कोणाचं तरी वापरलेलं, पण चांगलं. पिशवीतून तिने पट्ट्यांचा तो सगळा सांगाडा काढला आणि दुकानातच अंगावर चढवला. मी आयुष्यभर पट्टे शिवत आलो, त्यामुळे माझी नजर आधी टाक्यांवर गेली. काम झकास होतं. मला थोडा मत्सरही वाटला.

मग तिने खिशातून एक गोल डबी काढली. मनगटी घड्याळापेक्षा मोठी, एकच काटा, आणि आकड्यांच्या एका कडेला लाल पट्टी.

"हे उंचीचं घड्याळ हाय, बाबा. अल्टिमीटर. वरतून पडताना आपुन किती उंचीवर हावो ते दाखवते. काटा लाल पट्टीत घुसाच्या आधी छत्री उघडली पायजे."

"अन् नाही दिसलं तं?"

"म्हणून तं आली तुमच्याकडे."

ती आता आणखी तिघांबरोबर हातात हात धरून उडी मारणार होती. हात गुंतले की मनगटावरचं घड्याळ कसं बघणार? म्हणून तिला ते छातीवर हवं होतं. छातीवरून एक आडवा पट्टा जातो, त्याच्यावर फोमची छोटी उशी आणि उशीवर घड्याळ. उशीच्या मागे इलॅस्टिक, ते पट्ट्यावर नुसतं सरकवायचं. उजवीकडे एक मूठ होती, छत्री बिघडली तर ती छत्री सोडून देण्यासाठी ओढायची. डावीकडे दुसरी, राखीव छत्री उघडायची. उशी या दोन्ही मुठींपासून लांब पाहिजे, हे तिने मला बोट लावून दोनदा दाखवलं.

"अन् एक गोष्ट नीट ऐका. पट्ट्यात सुई नाही घालाची. बिलकुल नाही. छत्री उघडताना तिच्या दोऱ्या सपकन वर जातात. एखादी दोरी या घड्याळात अडकली तं घड्याळ सुटून गेलं पायजे. दोरी अडकून नाही राहिली पायजे."

"हो, समजलं," मी म्हणालो. समजलं काही नव्हतं. सुटून गेलं पाहिजे, हे शब्द माझ्या दुकानात त्याआधी कोणी उच्चारले नव्हते.

उशी मी तासाभरात शिवली. सीटचं काळं रेक्झिन, आत फोम, चारी बाजूंनी डबल शिलाई. घड्याळ बसवून तिच्या छातीवर लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सुंदर दिसत होतं, आकडे अगदी सरळ. तिने मान खाली घालून पाहिलं आणि खो खो हसली.

"हे तुमाले पाहाले हाय का मले? मले तं पुरं उलटं दिसून राहिलं!"

मी घड्याळ फिरवून बसवलं. आता मला उलटं आणि तिला सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर शून्यावर लावून ठेवलेला काटा थोडा सरकलेला होता. मी घाबरून तिला हाक मारली, म्हटलं बिघडलं. ती म्हणाली, हे हवेचा दाब मोजतं, हवा बदलली की काटा सरकतो, म्हणून दर उडीआधी जमिनीवर ते शून्यावर आणायचं. म्हणजे लाखनी रात्रीतून वर गेली नव्हती. ती पुन्हा हसली आणि मैत्रिणीला भेटायला एसटीने भंडाऱ्याला गेली.

ती गेल्यावर मी त्या उशीकडे बघत बसलो. इलॅस्टिक बोटाने ओढलं की उशी पट्ट्यावरून सरकायची. हे माझ्या दुकानातलं काम? उद्या वर हवेच्या झोतात ही निघून गेली, लेकीला उंची दिसली नाही, तर? माझ्या डोळ्यांसमोर तो लाल पट्टीतला काटा आला. मी दाभण घेतलं, ताडपत्रीचा काळा नायलॉन दोरा घेतला, आणि उशीच्या मागच्या बाजूने, कोणाला दिसणार नाहीत असे, पट्ट्यातून आरपार चार टाके घातले. मग छातीचा पट्टा आकड्याला लावला आणि उशीला धरून स्वतः लोंबकळलो. तसूभर हललं नाही. दुकानात कोणी नव्हतं, तरी मीच मोठ्याने "पक्कं" म्हणालो.

लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने उसवायला लावले असते, एवढी अक्कल मला होती. मायेने केलं असं मी तेव्हा मनाला सांगत होतो. अर्धी माया होती, अर्धा ताठा होता. तिने पिशवी भरली, आईच्या हातचा डबा घेतला आणि गुरुवारी निघून गेली. उडी रविवारी सकाळी होती.

शनिवारी दुपारी एक ओळखीचा ड्रायव्हर आला. धानाची पोती गिरणीत पोचवणारा, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याने गाडीतून एक ताडपत्री ओढून दुकानासमोर टाकली. ती मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटली होती. मीच शिवलेली, याच दिवाळीआधी.

"वस्ताद, मानलं तुमाले," तो म्हणाला. "कोपऱ्याची कडी बाभळीच्या फांदीत अडकली. मी म्हटलं कडी निंगल. पण तुमचा टाका! कडी जागची हालली नाही. पुरी ताडपत्रीच फाटली!"

तो खरोखर कौतुक करत होता. मी कडी हातात घेतली. माझे टाके जसेच्या तसे होते, एक धागासुद्धा सुटला नव्हता. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर कापड फाटत गेलं होतं. दुसऱ्या कोणाची शिलाई असती तर कडी निघाली असती, कोपरा लोंबला असता, दहा मिनिटांचं काम. त्याला चहा पाजला. तो काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. दोरी अडकून नाही राहिली पायजे, एवढंच डोक्यात वाजत होतं.

लगेच फोन केला, असं मला लिहायला आवडलं असतं. नाही केला. तासभर बसून राहिलो. चारच टाके आहेत. दोरी कशाला तिथे येते? इतक्या उड्या मारल्या तिने, कधी काही अडकलं? आणि फोनवर म्हणायचं काय, की तू नाही म्हटलेलं मी तुझ्या पाठीमागे केलं? शेवटी घरी गेलो आणि तिच्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"मी नको म्हणत होती तवा तुमीच म्हणे जाऊ दे," ती म्हणाली. "आता तिच्या पट्ट्यात दाभण घालून इथं बसले? करा फोन. आत्ताच्या आत्ता. माह्यासमोर."

लेकीने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे हसण्याचे आवाज होते. मी एका दमात सांगून टाकलं. आवाज बंद झाले, बहुतेक ती बाहेर आली असावी. "थांबा," म्हणाली. पिशवीची चेन उघडल्याचं ऐकू आलं.

"चार हायत."

"हो. चारच हायत."

"चारच?" तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "बाबा, मी उद्या सकाळी हाच घालून जाणार होती. एकमेकांचे पट्टे आमी तपासतो, पण उशीच्या मागं कोण पाहाते? तुमाले सांगतलं होतं ना?"

"सांगतलं होतं."

"मंग काहून?"

तिने फोन ठेवला. तिची आई माझ्याकडे बघतही नव्हती.

तिने ते पॅराशूट उड्या मारतात तिथल्या रिगरला दाखवलं. रिगर म्हणजे पॅराशूट तपासून बांधणारा कारागीर, आमच्याच जातकुळीतला म्हणा ना. तो म्हणाला, टाके काढले तरी भोकं राहतात, भोकं पडलेल्या पट्ट्यावर मी कोणाला उडू देत नाही, पट्टा बदला. तिची ती चौघांची उडी गेली. तिच्या जागी दुसरी कोणी गेली. हे सगळं मला तिच्या आईकडून कळलं, कारण त्यानंतर लेक फोन करायची तो आईच्याच मोबाइलवर. मी शेजारी बसून नुसते "हो का", "बरं" ऐकायचो आणि त्यावरून बाकीचं जुळवायचो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानात मी कोणाला आकड्याला लोंबकळायला सांगेना. एका ड्रायव्हरने विचारलं, "काहून जी, तब्येत बरी नाही का?"

होळीच्या आधी एका सकाळी ती भंडाऱ्याच्या बसमधून उतरली आणि घरी न जाता सरळ दुकानात आली. पिशवी काउंटरवर ठेवली. छातीचा पट्टा नवा होता, शिलाई रिगरची. तिने माझी ती काळी उशी काढून माझ्यासमोर टाकली.

"हे आता तुटणारं करून द्या."

"बाई, दुसऱ्या कोणाकडून करून घे," मी म्हणालो. "माह्या हाताले तुटणारं येत नाही. त्या रिगरलेच सांग."

"तो करून देईल. पण मले तुमच्याच हातचं पायजे."

"काहून? एवढं झाल्यावर?"

ती उशीच्या कडेची शिलाई नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या कोणी चोरून टाके घातले असते ना बाबा, तं त्यानं फोन नसता केला."

मी तोंड फिरवलं आणि दोऱ्याचा डबा शोधायला लागलो. डबा समोरच होता. मला रडू आलं होतं, आणि हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

पट्ट्याभोवती इलॅस्टिक गुंडाळून त्याची दोन टोकं मधोमध एका दोऱ्याने बांधायची, आणि ताण आला की तुटायचं ते त्या दोऱ्याने, असं रिगरने तिला चित्र काढून दिलं होतं. पट्ट्याला सुई लावायचीच नाही. दोरा कोणता, हा प्रश्न होता. माझ्या दुकानातला एकही दोरा तुटेना. नायलॉन तुटेना, मेण लावलेला तुटेना. शेवटी शेजारच्या गिरणीतून पोत्यांची तोंडं शिवायचा पांढरा सुती दोरा मागून आणला. आमच्या धंद्यात कोणाच्या कामाला नावं ठेवायची तर म्हणतात, पोत्याची शिलाई आहे, एका झटक्यात उसवते. तोच दोरा मी जपून उलगडला. एक पदरी बांधून पाहिला, उशी नुसती हलवली तरी तुटला. दोन पदरी बांधला, उशी घट्ट बसली.

"हे आधी रिगरले दाखव," मी म्हणालो. "तो हो म्हणल तवाच वापरजो."

"दाखवीन. पण आधी दुकानाची रीत."

तिने छातीचा पट्टा आकड्याला अडकवला. मी म्हटलं, "लोंबकळू नको, पडशीन." तिने लोंबकळायला पाय उचललेच नाहीत. छत्रीची दोरी उशीला अडकली आहे असं समजून तिने घड्याळामागे बोटं घातली आणि एक हिसडा दिला. दोरा टक्कन तुटला. पट्टा आकड्याला तसाच लोंबत राहिला, कुठे भोक नाही की सुरकुती नाही, आणि उशी घड्याळासकट तिच्या हातात आली.

मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, गिऱ्हाइकाकडे बघतो तसा.

"पक्कं," ती म्हणाली.