गढूळ बिअर

माझ्या नवऱ्याच्या तोंडाची चव गेली ती शेक घेतल्यावर. जन्मभर गालात तंबाखू, मग गालातच गाठ. ऑपरेशन झालं, परळच्या हॉस्पिटलात मशीनखाली किरणांचे शेक झाले, आणि डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. काहींना येतच नाही, हे ते बोलले नाहीत. ते मला बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी सांगितलं.

आणि चव गेली कुणाची? कालवणाला उकळी आली की स्वयंपाकघरात येऊन तळहात पुढे करणाऱ्या माणसाची. मी डावातला थेंब त्या तळहातावर टाकायचा, ह्यांनी तो चाटायचा आणि निकाल द्यायचा. मीठ कमी, कोकम जास्त, तिरफळ नीट ठेचूक नाय गो. असा राग यायचा मला! मग स्वतः करा म्हणावं. शेक झाल्यावर हे यायचेच बंद झाले. जेवायला बसले की ताट पुढे सारायचे. "माती खाल्ल्यासारख्या लागता," म्हणायचे. वजन उतरत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर ऑपरेशननंतर होती तशी नाकातून पुन्हा नळी घालावी लागेल. घरी आल्यावर ह्यांनी मला बजावलं, "परत नळी घातलंत तर मी काढून फेकतलंय." ते तसं करतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग एका दुपारी बांगड्याच्या तिखल्यात भात कालवताना हे थांबले. "तिरफळ लागता गो." मी तिथेच रडले. देवापुढे नारळ फोडला, मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगून आले. त्या दिवसापासून हे जेवायला लागले. ताट साफ. मी रोज विचारायची आणि हे रोज सांगायचे, आज कोकम लागतंय, आज लसूण लागतेय.

ही बातमी ऐकून रविवारी ह्यांचा भाचा आला. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात बिअर बनवतात, तिथे तो नोकरीला आहे. आल्या आल्या त्याने एक मोठी बाटली माझ्या हातात दिली. "मामी, आमच्याकडचीच आहे, एकदम फ्रेश. मामाची चव परत आली ना, म्हणून." मी भांडले त्याच्याशी, डॉक्टरांनी बंद केलंय रे सगळं. पण पूर्वी रविवारी तळलेल्या बोंबलांबरोबर एक ग्लास घेणारा हा माणूस माझ्याकडे असा बघत होता, की म्हटलं, दोन घोट. जास्त नाही.

आत जाऊन ग्लासांत ओतली तर काय, गढूळ! पेज बरी. मी आजवर पाहिलेली बिअर सोनेरी, आरपार दिसणारी. म्हटलं, मेल्याने उन्हातून आणली, वाटेत नासली. भाच्याला पचेल, त्याची आतडी तरुण आहेत. ह्यांना नाही पचायची. चाळीत पावसाळ्यात नळाला असं पाणी आलं की आम्ही तुरटी फिरवायचो. लालबागची ती चाळ पाडून टॉवर झाला, घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं, तरी तुरटीचा खडा अजून माझ्या मांडणीवर असतो. तो घेतला आणि ह्यांच्या ग्लासात चांगला घोळवला. फेस ग्लासाबाहेर सांडला, गढूळपणा होता तसाच राहिला.

ग्लास बाहेर नेले तर भाचा सांगत होता, "मामा, ही गढूळच असते हां. गहू आणि ओट्स असतात, आम्ही गाळतच नाही. आधी संत्र्याची चव येते, मागून आंबा." अरे देवा! माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत ह्यांनी ग्लास तोंडाला लावलासुद्धा. मी बघत राहिले, आता तोंड वाकडं करतील, आता मला शिव्या घालतील.

ह्यांनी डोळे मिटले. "संत्रां," म्हणाले. "आणि मागसून... आंबो." भाचा खूश. ह्यांनी आणखी एक मोठा घोट घेतला.

ह्यांचा उरलेला ग्लास मी आत नेला आणि तोंडाला लावला. शी! तुरटीने जीभ आक्रसली, दात आंबले. कच्चं केळं सालीसकट चावल्यासारखं झालं. तान्ह्या पोरानेसुद्धा थुंकून टाकलं असतं.  बाहेर हे भाच्याला सांगत होते, "तुझ्या मामीच्या हातचा तिरफळ लागला, तेव्हाच समाजला, आता चव येतली."

म्हणजे काहीच आलेलं नव्हतं. तिरफळ नाही, कोकम नाही, लसूण नाही. हा माणूस रोज माझ्यासमोर बसून माती गिळत होता आणि मला चवी सांगत होता, मी विचारते म्हणून. राग असा आला की बाहेर जाऊन ग्लास आपटावा, म्हणावं, अहो, कुणाला फसवताय? पण बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून ताट पुन्हा पुढे सरकलं असतं. मग नळी, आणि ती काढून फेकल्यावर पुढे काय, ते मला मनातसुद्धा म्हणवेना. उरलेली बिअर ओतून टाकली आणि नळ जोरात सोडला, माझं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बांगडे आणले. तिखल्याला चार तिरफळं पुरतात, मी मूठभर ठेचून टाकली. वेडेपणा, कळत होतं. पण म्हटलं, एवढ्यातलं एखादं तरी पोचेल ह्यांच्यापर्यंत. जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझे ओठ बधिर झाले, मग जीभ. तिरफळ फार झालं की असंच होतं. पुढचा घास भाताचा की माशाचा, मला कळेना.

ह्यांनी बोटं चाटली, माझ्याकडे बघितलं. "बरां झालां गो आज. तिरफळ अगदी बेतात."

"हो," मी म्हटलं, "अगदी बेतात." आणि त्यांना आणखी भात वाढला.