एक तांदूळ मागे

मिस्तरीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. हात सोन्याचे होते, पण कान होते ते फक्त पेन्सिल अडकवायला. फर्निचरच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं काढली, त्याने बसवलेलं कपाटाचं दार कधी कुरकुरलं नाही. आणि अंगाईत आणि बँडबाजात फरक काय असं विचारलं, तर म्हणायचा, एक हळू असतं.

गिटारांचं खूळ त्याचं नव्हे, बायकोचं. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर एक फुकट संगीत शाळा होती, तिथे ती झाडलोट करायची. झाडू मारता मारता बावीस वर्षं ऐकलं, आणि कान असा तयार झाला की शिकवणाऱ्या बाई तार लावताना दाराकडे बघायच्या. हिने मान हलवली की धडा सुरू. ज्यांच्या घरी वाद्य घ्यायची ऐपत नव्हती, ती पोरं पुठ्ठ्यावर सहा रेघा ओढायची आणि घरी त्यावर बोटं फिरवायची. असा एक पुठ्ठा तिने एक दिवस आणून जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, "तुमच्याकडे लाकूड आहे, हात आहेत. नुसते बसून काय राहता?" मिस्तरी तेव्हा नुकताच कामावरून निवृत्त झाला होता आणि दिवसभर घरातल्या धडधाकट खुर्च्या दुरुस्त करत होता.

पहिल्या गिटारीला सात महिने लागले. बाईंनी एक मोडकी गिटार नमुन्याला दिली, ती त्याने खोलून पाहिली आणि तिच्यावरून एक लाकडी पट्टी बनवली. दांड्यावरचे धातूचे पडदे कुठे बसवायचे आणि खाली तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कुठे चिकटवायची, सगळ्या खुणा पट्टीवर, चाकूने कोरलेल्या. मोडक्या गिटारीची घोडी कधीच निखळून हरवली होती, म्हणून ती खूण त्याने हिशेबाने काढली, दोनदा पडताळून. हिशेबात त्याची चूक नव्हती, हे लक्षात ठेवा.

घोडी चिकटवायच्या आधी ती क्लॅम्पमध्ये नुसती धरून तो दोन तारा ओढायचा आणि बायकोला हाक मारायचा. ती पदराला हात पुसत यायची, एक तार मोकळी छेडायची, मग तीच मधोमध दाबून छेडायची, दोन्ही सूर जुळतात का बघायची, आणि म्हणायची, "एक तांदूळ मागे घ्या." म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी. मिस्तरीचं डोकं फिरायचं. पट्टी काय खोटं बोलते का? ती म्हणायची, पट्टीला कान नसतात. मग घरात भांडण नको म्हणून तो घोडी तांदूळभर मागे सरकवायचा आणि मनात म्हणायचा, हिला आपलं प्रत्येक गोष्टीत बोट घालायचं असतं. अकरा गिटारी झाल्या, अकरा वेळा ती बोलली. पट्टीवर त्याने एकदाही खूण केली नाही.

मग ती गेली. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेली, नवव्या दिवशी तिची चप्पल पिशवीत घालून हा एकटा घरी आला. दोन महिने त्याने हत्याराला हात लावला नाही. पुढे बाराव्या गिटारीची घोडी त्याने बरोब्बर खुणेवर चिकटवली. चला, एकदाची जागेवर बसली, असं मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची लगेच इतकी लाज वाटली की तो भुश्यात बसून रडला.

ती धरून तीन वर्षांत नऊ गिटारी झाल्या. दुसरं त्याला होतंच काय? सकाळी चहा, मग लाकूड, मग झोप. प्रत्येक गिटार दिली की पोरं पाया पडायची, आया डोळे पुसायच्या, सगळे म्हणायचे, वा मिस्तरी. एकानेही कधी खोट काढली नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कोण विचारणार? मिस्तरी मात्र समजून चालला होता की बायकोचं काम तिच्यामागे नीट चाललंय. त्या एका समजुतीवर माणूस उभा होता.

त्या नवांतली एक मिळाली घुमीला. शिलाईकाम करणाऱ्या बाईची ही मुलगी. बोलायची कमी म्हणून घुमी, पण बोटं अशी की बाई म्हणायच्या, हिला काही शिकवावं लागत नाही. मोठ्या संगीत महाविद्यालयाची परीक्षा होती, पास झाली तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. वाद्य स्वतःचं आणायचं आणि वय अठराच्या आत. तिला ती परीक्षा एकदाच देता येणार होती. परीक्षेच्या सकाळी मिस्तरी स्वतः बस थांब्यावर हजर, हातात मऊ फडकं. गिटार पुसून चकचकीत केली आणि तिच्या खांद्याला अडकवली. बाई जुन्या अकरांपैकी एक गिटार घेऊन आल्या होत्या. मिस्तरीला बघून त्यांनी ती पाठीमागे धरली आणि तशीच परत नेली.

घुमी नापास झाली. घाबरले, म्हणाली. लोक हळहळले आणि विसरले.

या वर्षी शाळेचा कार्यक्रम झाला. मिस्तरी पहिल्या रांगेत बसला होता. स्टेजवरच्या सगळ्या गिटारी जुन्या. चिरा गेलेल्या, डाग पडलेल्या, पण वाजत होत्या. नव्या नऊपैकी आठ मागच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेल्या. आधी त्याला वाटलं, जपून ठेवल्यात. मग जवळ जाऊन पाहिलं तर तारांना गंज चढलेला. पोरं पांगल्यावर त्याने बाईंना गाठलं. बाई आधी दमट हवेला दोष देऊ लागल्या, मग पोरांना.

"बाई," तो म्हणाला, "ती गेल्यापासून मला खरं सांगणारं कुणी नाही. तुम्ही तरी सांगा."

बाईंनी एक नवी गिटार उतरवली, तार मोकळी छेडली, मधोमध दाबून छेडली. मग जुनीवर तेच केलं. मिस्तरीने जिवाचा कान करून ऐकलं. त्याला चारही आवाज सारखेच लागले. बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, तुम्ही इतक्या प्रेमाने देत होतात, कुठल्या तोंडाने सांगणार?

मग त्याने खिशातून मोजपट्टी काढली. ती त्याची भाषा. जुनीची घोडी मोजली, नवीची मोजली, सगळ्या एकेक करून मोजल्या. नव्या सगळ्या हिशेबाबरहुकूम. जुन्या सगळ्या एक तांदूळ मागे. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून थोडं अंतर वाढवून द्यावं लागतं, असं बाई समजावत होत्या. मिस्तरी खाली बसला होता. त्याला एवढंच कळत होतं की अकरा गिटारी बायकोने केल्या होत्या आणि त्याने केल्या होत्या या नऊ.

दुसऱ्या दिवशी तो घुमीच्या घरी गेला. ती मशीनवर कॉलर शिवत होती, बाजूला कॉलरचा ढीग. गिटार कपाटावर, चादरीत गुंडाळलेली. दुरुस्त करायला नेतो म्हणाला, तर म्हणाली, चांगली आहे की, काका. मीच घाबरले होते.

"घोडी चुकली आहे, पोरी. माझ्या हातून. तिचा सूर लागणंच शक्य नव्हतं."

मशीन थांबलं. घुमीने हातातली कॉलर खाली ठेवली.

"म्हणजे माझा कान बरोबर होता?" ती म्हणाली. "मला रोज ते बेसूर ऐकू यायचं. सगळे म्हणायचे, मिस्तरींचं काम आहे, चूक होणार नाही. मला वाटलं, माझाच कान खोटा. तिथे परीक्षकांनी विचारलं, तुला हे ऐकू येत नाही का? मी म्हटलं, नाही येत."

मिस्तरीने पिशवीतून हत्यारं काढली. त्याने तिथेच, तिच्या दारात बसून, गरम सुरीने घोडी सोडवली आणि क्लॅम्पमध्ये धरून तारा ओढल्या. तूच ऐक, म्हणाला, मला कळत नाही. तिने मान खाली घालून ऐकलं. थोडी मागे, म्हणाली. अजून थोडी. बास. घोडी बरोबर तिथेच थांबली, जिथे दुसरी कुणी थांबवायची. घुमीने दोन्ही सूर पुन्हा एकदा छेडून पाहिले आणि गिटार त्याच्याकडे सरकवली.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या, काका. मला आता अठरा पूर्ण झाली." आणि तिने पुढची कॉलर मशीनखाली घेतली.

घरी येऊन त्याने सरस लावून घोडी पक्की केली. मग पट्टी काढली आणि जुन्या खुणेमागे, तांदळाचा दाणा आडवा ठेवून, दुसरी खूण कोरली. अर्ध्या मिनिटाचं काम. सरस वाळल्यावर त्याने तारा चढवल्या, एक मोकळी छेडली, मग मधोमध दाबून छेडली. त्याला ती आधीसारखीच ऐकू आली. सवयीने त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.