मागच्या उजव्या चाकाचा आवाज

“तुला ऐकू आला नाही म्हणजे आवाज नव्हताच, असं असतं का?”

“ताई, गंज होता. विजेच्या गाड्यांना असतोच. दोन दिवसांत जातो.”

“आज आठवा दिवस! अरे, गाडी फाटकातून आत वळली तेव्हा मी काउंटरच्या काचेआड बसले होते. तिथं ऐकू आलं मला, फरशीवर लोखंडी खुर्ची ओढावी तसं. आणि तू चाकाशेजारी उभा राहून विचारतोस, ‘बोला नर्सबाई, आज काय विशेष?’”

“तुझे कान लहानपणापासूनच कुत्र्याचे.”

“असू देत की! घरात एकाचे तरी चालतायत.”

मिस्त्रीनं हातातलं फडकं बाकड्यावर आपटलं आणि जॅक ओढत गाडीकडे गेला. बहीण सात वर्षांनी मोठी. तिच्याशी भांडून तो आजवर एकदाही जिंकला नव्हता. पण आज त्याला हरण्याची भीती नव्हती, तिनं बरोबर ओळखलं असेल याची होती.

गॅरेज वडिलांचं. ते गेल्यावर बहिणीनं काउंटर धरला, यानं पाने. वडिलांची एक रीत दोघांनी मोडली नव्हती: गाडी दुरुस्त झाली की मिस्त्रीनं स्वतः काचा बंद करून एक फेरी मारायची, आणि ठीक वाटली तरच मालकाला तोंडानं तसं सांगायचं. लोक त्या शब्दासाठी लांबून यायचे. इंजिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, की कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय हे हा मिस्त्री बसल्या जागी सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानांतून आधी किटलीची शिटी गेली. मग दाराची घंटा. मग नातीचं बोलणं. ती बारीक आवाजात बोलते, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. गिऱ्हाईक बोलू लागलं की तो ओठांकडे बघायचा. जुन्या गाड्यांमध्ये निभत होतं, कारण त्यांची थरथर सीटमधून पाठीला कळायची. विजेची गाडी मात्र नुसतीच सरकते, पाठीला चुगली करत नाही.

नर्सबाई गेल्या आठवड्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यानं फेरी मारली. काहीच ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही, एवढे चार शब्द बोलायचे होते. ते तोंडातून फुटेनात, म्हणून तो म्हणाला, “ब्रेकच्या डिस्कवर गंज चढलाय बाई. पाचसात वेळा कचकचून ब्रेक मारा, साफ होईल.” बहुतेक गाड्यांना तोच रोग असतो. पण त्यानं तो ऐकून सांगितला नव्हता, ठोकून दिला होता. आणि नर्सबाई त्या शब्दावर रोज टेकडीवरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना तपासायला जाऊन येत होत्या.

मागचं उजवं चाक निघालं. डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत. त्यानं मागच्या बाजूला बोट घातलं आणि हात तिथंच थांबला. नांगरट झालेली होती. आतल्या पॅडचा मसाला संपला होता, नुसता पत्रा डिस्कला घासत होता. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांतली एक गंजून जाम. दोन्ही हातांनी पिळली तरी हलेना.

“नर्सबाई, ब्रेकवर पाय कितीदा ठेवता?”

“तुम्ही सांगितलंत तेवढे पाचसात वेळा सोडले तर ठेवतच नाही हो!” चहा पिऊन नुकत्याच परतलेल्या त्या बाकावरून अभिमानानं म्हणाल्या. “पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, बॅटरीही भरते. भाची म्हणते, मावशी, तू ब्रेक म्युझियमला देऊन टाक.”

“तेच झालंय. मोटरच गाडी आवरते, ब्रेक बसून खातो. बसल्या बसल्या सांधे धरले त्याचे.”

“माझ्या पेशंटांसारखंच म्हणायचं,” त्या हसल्या. त्याला हसू आलं नाही.

पिन सोडवायला तासभर गेला. आधी गंज सैल करायचं तेल, मग हलके ठोके, मग पुन्हा तेल. पिनांची भोकं घासून साफ केली, नव्या पिना, नवी रबरं, ग्रीस. डावीकडे पिना मोकळ्या होत्या, तरी डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांना नवे घातले. एका बाजूला जुनं ठेवलं की गाडी ओढते. बोटांना सगळं कळत होतं. बोटं अजून पंचविशीची होती.

किल्ली घेऊन तो बसला, तर शेजारचं दार उघडून बहीण आत आली.

“तू कशाला?”

“बसायला.”

त्यानं गाडी न्यूट्रलला टाकून, मोटरला मध्ये येऊ न देता, रिकाम्या रस्त्यावर नुसत्या ब्रेकवर पुन्हा पुन्हा हळू केली. नवे पॅड डिस्कवर नीट बसत होते, पेडल पायाला घट्ट लागत होतं. बहीण मान कलती करून ऐकत होती. कोपऱ्यावर थोडंसंच डावीकडे वळून तो सरळ लांबवर गेला. परत फिरायच्या आधी तिनं हात पुढे केला आणि स्टीअरिंगमागची दांडी हलकेच वर केली. इंडिकेटर कोपऱ्यापासून चालूच होता, टिकटिक करत.

हात मागे घेऊन ती समोर रस्त्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा तिचा टोमणा त्याला परवडला असता.

फाटकाशी नर्सबाई पिशवी खांद्याला लावून उभ्याच होत्या.

“झालं ना? मला उद्या सकाळीच वर जायचंय. एका आजोबांची जखम धुवायची आहे.” त्या थेट त्याच्याकडे वळल्या. “मागच्या वेळी तुम्ही म्हणालात म्हणून मी निर्धास्त होते. आता खरंच आवाज नाही ना, मिस्त्री? तुम्ही स्वतः ऐकलंत ना?”

त्यानं बहिणीकडे बघितलं. ती एका शब्दात त्याला सोडवू शकली असती. फेरीत तिनं ऐकलं होतं. गाडी ठीक होती, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण ती ओठ मिटून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

“मिस्त्री?” नर्सबाईंनी पुन्हा विचारलं.

त्यानं किल्ली बहिणीच्या तळहातावर ठेवली, यापुढे शब्द तूच द्यायचा अशा बेतानं तिची बोटं मिटवली, आणि फाटकाबाहेर चालू लागला.