मामांचा हीट पंप

माझ्या बायकोच्या मामांइतका थर्मोस्टॅटवर पाळत ठेवणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. नागपूरच्या उन्हात वाढलेले मामा नेपरव्हिलला येऊन पस्तीस वर्षं झाली, एवढ्या हिवाळ्यांत त्यांनी थंडीबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना सहन होत नसे ती वाया जाणारी ऊब. टपाल आणायला दारापर्यंत जायचं तरी आधी थर्मोस्टॅट सत्तर डिग्री फॅरनहाइटवरून साठवर आणायचे, मग बूट घालायचे. "अहो, मी आहे ना घरात!" मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "तू गॅसपाशी उभी आहेस," मामा शांतपणे सांगायचे. एका संक्रांतीला मामींनी हळदीकुंकू केलं, तेव्हा पंधरा बायका म्हणजेच एक हीटर, असा हिशेब मांडून त्यांनी घर तापवणारा फर्नेस बंदच करून टाकला. बायकांनी तिळगूळ कोटाच्या खिशातून हात न काढता, म्हणजे जवळजवळ न काढता, घेतला.

गेल्या वर्षी तो जुना फर्नेस दमला आणि मामांनी हीट पंप बसवला. बाहेरच्या गार हवेतलीसुद्धा ऊब उपसून घरात आणणारं यंत्र म्हटल्यावर मामा हरखलेच. पण बसवायला आलेल्या माणसानं जाताना बजावलं, की हा पंप संथ चालतो, त्याला एकसारखं चालू द्या. झोपताना एक-दोन डिग्री उतरवा, तेवढं पुरे. खूप उतरवून एकदम चढवलंत, तर मदतीला आतली विजेची कॉइल पेटते आणि वाचवलेलं सगळं तीच खाऊन टाकते. मामांचा चेहरा पडला. "म्हणजे मी करायचं काय?" त्यांनी त्या गोऱ्या माणसाला चक्क मराठीत विचारलं.

आठवड्याभरात त्यांना काम सापडलं. कॉइल पेटली की थर्मोस्टॅटवर 'ऑक्स हीट' अशी अक्षरं उमटतात. ती अक्षरं म्हणजे मामांना आपल्या घराण्याची नाचक्की वाटू लागली. ते समोर खुर्ची टाकून बसत. एका सकाळी अक्षरं उमटलीच, तेव्हा तडक बेसमेंटमध्ये जाऊन त्यांनी कॉइलच्या विजेचा ब्रेकरच पाडला आणि मला फोन केला, "जावईबापू, शत्रूची रसद तोडली!"

जानेवारीत मामी ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मामा हॉस्पिटलातच मुक्कामाला राहिले. मात्र घरातून निघताना थर्मोस्टॅट पंचावन्नवर आणायला विसरले नाहीत. रिकाम्या घरात तापवायचं कुणाला?

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, दुपारी घरी न्या. माझी बायको मामींजवळ थांबली आणि मी मामांना घेऊन पुढे आलो. घर बर्फाच्या पेटीसारखं झालं होतं. मामांनी सत्तर लावलं. बाहेर पंप गुणगुणू लागला. तासाभरानं आकडा दिसला छप्पन्न. मामांनी पलंगावर तीन रजया टाकल्या, पडदे उघडले, पुन्हा लावले, ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवलं. ते मी बंद केलं. आकडा छप्पन्नच.

"मामा," मी चाचरत म्हणालो, "तो ब्रेकर वर केला तर..."

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. पण त्यांनी थर्मोस्टॅटसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"ती पडली ना, तेव्हा पंधरा मिनिटं बर्फातच होती," ते म्हणाले. "हाका मारत होती म्हणे. मी आतच होतो, जावईबापू. इथेच, या खुर्चीत. ब्रेकर पाडल्यावरही ही अक्षरं येतात का बघत बसलो होतो."

आणि ते बेसमेंटचा जिना उतरू लागले. खालून खट् असा आवाज आला. वर येऊन त्यांनी थर्मोस्टॅट पंचाहत्तरवर नेला. 'ऑक्स हीट' झळकलं आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम वारा भसाभसा यायला लागला.

दुपारी मामींची चाकांची खुर्ची ढकलत माझी बायको आत आली. मामींनी दारातच नाक वर केलं, गळ्याभोवतीचा मफलर सैल केला आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "अगंबाई, कुणाच्या घरी आणलंत मला?"

"तुझ्याच," मामा म्हणाले, आणि घाईघाईनं पाणी आणायला आत गेले.

आता त्यांच्याकडे थर्मोस्टॅटवर एकच आकडा असतो, रात्री फार तर दोन डिग्री खाली. मी मुद्दाम खोडी काढतो, "मामा, पंप काय म्हणतो?" "बरा आहे," एवढंच उत्तर येतं, आणि मला आपलं चुकल्या-चुकल्यासारखं होतं. परवा गेलो तेव्हा मामींचा चालायचा सराव चालला होता. मामी वॉकर धरून पुढे, आणि मामा त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उलटे, पाऊल-पाऊल मागे सरकत.

"अहो, दमलात तर बसा ना," मामी म्हणाल्या.

"आधी तू बस."

मामी बसल्या. मग मामाही भिंतीचा आधार घेत, सावकाश, त्यांच्या शेजारी टेकले. ते केवढे थकलेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.