वामनरावांनी नाकारलेली मतं

वामनराव ढोले गेल्याची बातमी मला केळझरच्या मोटार थांब्यावर कळली. वर्ध्याहून आलेला एक शेतकरी उतरता उतरता म्हणाला, "गुरुजी, आपले आमदार गेले." खरं तर मागची निवडणूक ते हरले होते, पण लोकांच्या तोंडून 'आमदार' काही सुटलं नव्हतं…

ते जिनिंगचे मालक, कापसाचे मोठे व्यापारी आणि सहकारी बँकेचे अध्यक्ष. राजकारणात आले ते पन्नाशीनंतर. मी शाळामास्तर, त्यांची भाषणं लिहून द्यायचो. ते माझा कागद हातात धरत आणि बोलत मात्र मनातलं. पहिल्याच निवडणुकीत आंजीच्या सभेत कुणीतरी विचारलं, "आमच्या गावाले काय देनार?" वामनराव म्हणाले, "वचन नाई देत. नागपूरले तुमचं म्हननं मांडीन, अन् काय झालं ते येऊन सांगीन." निवडून आल्यावर प्रत्येक अधिवेशनानंतर ते गावोगाव फिरले. न झालेली कामंसुद्धा ताठ मानेनं सांगितली.

दुसरी निवडणूक आली तेव्हा नागपूरच्या धर्मांतराला काही महिनेच झाले होते. बौद्ध झालेले सीताराम मून हे शिकलेले, हिशेबी शेतकरी. त्यांना बँकेच्या संचालक मंडळावर घ्यायचं वामनरावांनी ठरवलं. लगेच एका गावचे म्हातारे पाटील चार माणसं घेऊन जिनिंगवर आले. "भाऊ, ते नाव मागं घ्या. सारं गाव तुमच्या पेटीत मत टाकते."

मीही हळूच म्हणालो, "निवडणूक होऊन जाऊ द्या, मग घ्या."

वामनराव माझ्याकडे वळले. "काऊन, गुरुजी? निवडणुकीनंतर तो मानूस जास्त लायक होनार हाय काय?" मग पाटलांना म्हणाले, "तुमची मतं तुमच्यापाशीच राहू द्या. चहा घेऊन जा."

ते हरले. मला रात्रभर चुटपुट लागली. ते मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर बँकेत हजर होते. सीतारामजी संचालक झाले.

परवा मी बँकेत गेलो होतो. बैठकीच्या खोलीत तेच पाटील अर्ज घेऊन आले होते. समोर सीतारामजी. त्यांनी उठून खुर्ची पुढे ओढली. पाटलांनी पाणी मागितलं, तेव्हा शिपायाला हाक न मारता सीतारामजींनी स्वतः पेला भरून पुढे केला. पाटलांचा हात क्षणभर थांबला… मग त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी संपवलं.

रिकामा पेला टेबलावर ठेवत ते म्हणाले, "वामनराव पाह्यजे होते आज."

"हो ना," सीतारामजी म्हणाले, आणि अर्ज वाचायला घेतला.