मनीमाजऱ्याच्या वड्या आणि गुंतवणूकदाराचा पाहुणचार

नवऱ्याच्या बदलीमुळे चंदीगडला आले आणि कुणी विचारलं नसताना मनीमाजऱ्यातल्या एका बचत गटाची सल्लागार झाले. गटातल्या बायका उडदाच्या वड्या करतात, म्हणजे आपल्या सांडग्यांच्या पंजाबी मावसबहिणी. उन्हाळाभर धंदा जोरात. पण थंडीत धुकं उतरलं की वड्या वाळायचं नाव घेत नाहीत आणि कमाई बंद. वाळवायचं यंत्र मिळालं, तरच बारा महिने काम चालणार होतं.

मी खटपट करून एक गुंतवणूकदार संस्था गाठली. पैसे परत हवेतच, पण त्यातून लोकांचं भलंही व्हायला हवं, असं मानणारी. त्यांचा तरुण प्रतिनिधी पाहणीला येणार म्हणताच मी गटाच्या अध्यक्षबाईंना, म्हणजे प्रधानजींना, बजावलं, "काम रोजच्यासारखं चालू ठेवा. त्याला तुमची अडचण दिसू दे."

"पक्का, दीदी!"

त्याला घेऊन पोचले, तर एक वडी नजरेस पडेल तर शपथ! सगळ्या जणी लग्नातल्या सूटमध्ये, शेजारून उचलून आणलेला सोफा, समोर राजमा, कढी, पनीर, गाजराचा हलवा.

"काम कहाँ चल रहा है?" त्याने विचारलं.

"आज काम? आज तो आप आए हो जी!"

मी प्रधानजींच्या कानाला लागले. "थोडा गरीब दिखिए ना!"

"मेहमान के सामने?" त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक पराठा आदळला.

"मॅडम, यांचं तर उत्तम चाललंय," तो हळूच मला म्हणाला. "हे पैसे खऱ्या गरजूंना द्यायला हवेत."

मी यंत्राचा विषय काढायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो हात धुवायला उठला आणि त्याने भलतंच दार उघडलं.

आत पलंगावर, शिलाई मशीनवर, टीव्हीवर ओल्या वड्याच वड्या. मधोमध माकडटोपी घालून प्रधानजींचे सासरे, हातात सुनेचा हेअर ड्रायर, एकेका वडीला गंभीरपणे वारा घालताहेत.

"दरवाज़ा बंद करो!" ते गरजले. "ठंड आ रही है!"

"ये आपका ड्रायिंग सिस्टम है?" तो चाचरत म्हणाला.

"ना जी," प्रधानजी लाजल्या, "ये तो हमारे बाऊजी हैं।"

यंत्र आलं. भर धुक्यातही वड्या खडखडीत वाळू लागल्या. महिन्याभराने त्याचा चौकशीचा फोन आला. यंत्रामुळे कुणाचं काम तर नाही ना गेलं?

"गया जी," प्रधानजी प्रामाणिकपणे म्हणाल्या. "बाऊजी का।"

बाऊजी अजून माझ्याशी बोलत नाहीत.